न खायचा ओरेगानो

गेल्या गणपतीतली गोष्ट. आरती झाली, प्रसाद झाला, बाहेर ऊन पडलेलं पाहून पोरं मागच्या बागेत पळाली आणि मोठी माणसंही चहाचे कप घेऊन त्यांच्या मागोमाग निघाली. स्वयंपाकघराच्या दाराशी दक्षिणेचं ऊन येतं, तिथे मी मातीच्या कुंड्या मांडल्या आहेत. एका मैत्रिणीच्या सासूबाई नाशिकहून लेकाकडे आलेल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या. कुंडीच्या काठावरून खाली लोंबणारे गुलाबी झुबके त्यांनी बोटांवर उचलून पाहिले आणि विचारलं, "हे काय गं?" मी म्हटलं, "ओरेगानो, काकू." पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुडीतला ओरेगानो त्यांना नातवंडांमुळे ठाऊक होता. त्यांनी सहज एक पान खुडलं, तोंडात टाकलं, चावलं आणि म्हणाल्या, "अगं, याला चव कुठंय?" मी सांगितलं, हा खायचा नाही, शोभेचा आहे. "वास?" "चुरडला तर येतो थोडासा." "देवाला चालतो?" यावर मला काही सांगता येईना. मग त्या अगदी सरळ, कसलाही टोमणा न मारता म्हणाल्या, "खायचा नाही, वासाचा नाही, देवाचा नाही. मग लावलास कशाला?"

"छान दिसतो म्हणून," एवढंच मी म्हणाले. तेवढ्यात आतून कुणीतरी मोदकाचं ताट घेऊन आलं आणि बोलणं तिथेच राहिलं. माझ्या डोक्यातून मात्र ते गेलं नाही. रात्री भांडी आवरताना, दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या गाडीत, विसर्जनानंतर रिकाम्या चौरंगाकडे बघताना तो प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येत राहिला. काकूंचा प्रश्न वावगा नव्हताच. ज्या घरात बाल्कनीत जेमतेम आठ कुंड्या मावतात, तिथे प्रत्येक कुंडीला आपली जागा कमवावी लागते. तुळस हवी, कढीपत्ता हवा, गवती चहा हवा, पोटदुखीला ओव्याचं पान हवं, भाजल्यावर लावायला कोरफड हवी. एखादा मोगरा किंवा जास्वंद देवाच्या नावावर जागा मिळवतो. मी अशाच घरात वाढले. त्यामुळे काकू जे बोलल्या ते मला बाहेरून आलेलं वाटलंच नाही. माझ्या आईनं, आत्यानं, शेजारच्या वहिनींनी अगदी हेच विचारलं असतं.

आमच्याकडचा हा ओरेगानो म्हणजे 'केंट ब्यूटी'. आम्ही राहतो ते इंग्लंडमधल्या केंट परगण्यातच, त्याच्या दक्षिणेकडच्या वील्ड नावाच्या पट्ट्यात. आणि हे रोप मूळचं इथलंच, म्हणजे इथेच तयार झालेलं. हॉकहर्स्ट गावात वॉशफील्ड नावाची एक नर्सरी होती. एलिझाबेथ स्ट्रँगमन या बाई ती चालवत. हेलेबोरच्या फुलांसाठी त्यांचं नाव बागवेड्या लोकांत आजही आदरानं घेतलं जातं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या नर्सरीत ओरेगानोच्या दोन जातींचा संकर झाला. एक जात ईशान्य तुर्कस्तान, जॉर्जिया आणि आर्मेनियाच्या खडकाळ उतारांवरची. तिची पानं गोल आणि लोंबते घोस फिकट हिरवे. दुसरी दक्षिण ग्रीसच्या डोंगरांतली, टायगेटोसच्या रांगेतली. गुलाबी रंग आला तो तिच्याकडून. या दोघींच्या डोंगरांमध्ये अख्खा तुर्कस्तान आडवा पडलेला आहे. वारा, पक्षी, मधमाशी, कुणीही कितीही प्रयत्न केला असता तरी तिथे त्यांची गाठ पडली नसती. ती पडली केंटमधल्या एका नर्सरीत. मला ही हकीकत कळली तेव्हा मी कुंडीसमोर बराच वेळ उभी होते. दाराशी ठेवलेल्या त्या वीतभर झाडामागे केवढा भूगोल आहे!

वर्षभर त्याच्याकडे बघत राहावं असं ते झाड आहे. मार्चच्या शेवटी बुडाशी निळसर हिरव्या पानांचे इवले गोळे दिसू लागतात. पानं गोलसर, समोरासमोर जोडीनं येणारी, शिरा किंचित पांढुरक्या. मे महिन्यात काड्या लांबतात आणि उभं राहण्याऐवजी कुंडीच्या कडेवर झुकतात. जूनच्या शेवटी टोकांना घोस दिसायला लागतात, तेव्हा ते पोपटी असतात आणि नवखा माणूस म्हणेल की हे झाड अजून फुललंच नाही. मग ऊन वाढतं तसा प्रत्येक घोसात रंग भरतो. कडेनं सुरुवात, मग शिरांमधून आत, पोपटीवर फिकट गुलाबी, त्यावर जांभळट झाक. एकाच घोसात तिन्ही रंग एका वेळी दिसतात. सावलीत ठेवलं तर हा रंग येत नाही, घोस हिरवेच राहतात. आपण ज्याला फूल म्हणतो ते खरं तर फूल नाही. बोगनवेलीचे रंगीत कागद जसे पाकळ्या नसून पानांचाच एक प्रकार, छद, तसंच हेही. खरी फुलं त्या छदांच्या आडून एकेक करून डोकावतात, अगदी बारीक, जांभळट गुलाबी नळीची. चष्मा लावून वाकल्याशिवाय ती दिसत नाहीत. म्हणूनच हा बहर इतका टिकतो. पाकळ्या चार दिवसांत गळतात, छद महिनोन् महिने राहतात. श्रावण येतो, गणपती येतात, नवरात्र बसतं, तरी हे झुबके लोंबतच असतात. शेवटी गवताच्या रंगाचे होऊन वाळतात, आणि हात लावला की कागदासारखे सळसळतात.

इंग्रज लोक याला हॉप्सच्या फुलांचा ओरेगानो म्हणतात, आणि केंटमध्ये राहून ते नाव ऐकलं की वेगळंच वाटतं. बिअरला कडवटपणा देणारे हॉप्स ही केंटची जुनी ओळख. आमच्या आजूबाजूच्या गावांत गोल विटांच्या, टोकाला पांढरी लाकडी टोपी चढवलेल्या इमारती अजून दिसतात. त्यांत पूर्वी हॉप्स वाळवायचे. आता बहुतेकांची घरं झाली आहेत. पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत, यंत्रं येण्याआधी, लंडनच्या पूर्व भागातली गरीब कुटुंबं उन्हाळ्याच्या शेवटी पोराबाळांसकट इथे हॉप्स तोडायला यायची. आमच्या गल्लीतल्या एका आजींचं लहानपण त्यात गेलेलं. माझ्या कुंडीसमोरून जाताना त्या हमखास थांबतात, एक घोस बोटांत धरतात आणि तोडणीचे दिवस सांगायला लागतात. बोटं काळी व्हायची, वास आठवडाभर जायचा नाही, रात्री शेकोटीवर चहा व्हायचा. हॉप्सचा वास या झाडाला नाही. आकार तेवढा आहे. तरी त्यांना तो पुरतो.

आता याच्या काळजीबद्दल. मला जे लोक विचारतात त्यांना वाटतं, एवढं नाजूक दिसणारं झाड, याचे लाड फार असतील. उलट आहे. त्याला चांगलंचुंगलं काही नको असतं. वील्डची माती चिकणमाती आहे. पावसाळ्यात बुटाला धरून ठेवणारी, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडणारी. मी सांगलीकडची, काळ्या रानाच्या मुलखातली. पहिल्यांदा इथे कुदळ मारली तेव्हा रंग निराळा पण स्वभाव ओळखीचा वाटला होता. अशा जमिनीत कपारीतलं झाड लावायचं नसतं. त्याला मी मातीची कुंडी दिली. आत अर्धं कंपोस्ट आणि अर्धी जाड वाळू व बारीक खडी, वरून पुन्हा खडीचा बोटभर थर. तो थर फार महत्त्वाचा. झाडाची मान, म्हणजे काड्या जिथे मुळाला जोडल्या जातात ती जागा, त्यामुळे कोरडी राहते, आणि कुजण्याची सुरुवात तिथूनच होते. खत नाही. टोमॅटोला घालते त्या द्रव खताचा एक थेंबही याच्या वाट्याला जात नाही. खत दिलं तर पानं माजतात, काड्या लुळ्या पडतात, रंग फिका येतो. पाणी नव्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात, आणि नंतर कुंडी उचलून हलकी लागली तरच. ऊन मात्र जेवढं देता येईल तेवढं.

२०२२ चा जुलै इथल्या कुणालाच विसरता येणार नाही. १९ तारखेला लिंकनशरमध्ये ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं, इंग्लंडनं असा आकडा कधी पाहिला नव्हता. लोकांची हिरवळ पिवळी पडली, ऑगस्टमध्ये पाइपनं बागेला पाणी घालायला बंदी आली, हायड्रेंजिया दुपारी माना टाकायच्या. त्या दिवसांत केंट ब्यूटीचे घोस जितके गडद झाले तितके मी एरवी कधी पाहिले नाहीत. त्याच ऑगस्टमध्ये आम्ही एसेक्समधली बेथ चॅटो यांची खडीची बाग बघायला गेलो. पूर्वी तिथे गाड्या उभ्या राहायच्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाईंनी तिथे बाग केली आणि ठरवलं की रुजल्यानंतर हिला पाणी घालायचं नाही. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडणारा तो भाग. बाई २०१८ मध्ये गेल्या, नियम अजून पाळला जातो. बाहेरचा सगळा मुलूख करपलेला असताना त्या खडीत लॅव्हेंडर, सेज, ओरेगानोचे जांभळे ताटवे उभे होते आणि त्यांच्यावरून मधमाश्यांचा आवाज येत होता. मला तिथे बसून राहावंसं वाटलं. माझ्या मुलखातल्या दुष्काळी उन्हाचा वास तिथे होता, तापलेल्या दगडाचा आणि सुकत्या पाल्याचा.

थंडीनं हे झाड मरत नाही. थंडीतल्या ओलीनं मरतं. उणे पाचाच्या आसपास पारा गेला तरी कोरडी मुळं टिकून राहतात. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथे जी रिपरिप चालते, जमीन कधी वाळतच नाही, ती त्याला सोसत नाही. गंमत म्हणजे लंडनचा वर्षाचा पाऊस पुण्यापेक्षा कमी आहे. प्रश्न किती पडतो याचा नाहीच, पाणी मुळाशी किती वेळ बसतं याचा आहे. डोंगराच्या कपारीत पाणी येतं आणि निघून जातं. म्हणून दिवाळीच्या सुमारास मी कुंड्या उचलते, भिंतीला लागून वळचणीखाली ठेवते आणि तळाशी विटांचे तुकडे देते. वाळलेल्या काड्या तशाच राहू देते. त्या दिसायला उदास दिसतात हे खरं, पण खाली झोपलेल्या कोंबांवर त्यांचं पांघरूण असतं. मार्चमध्ये बुडाशी हिरवं दिसलं की मगच कात्री.

हे सगळं मी पुस्तकांतून आणि इथल्या माळ्यांकडून शिकले असं मला वाटत होतं. काकूंच्या प्रश्नानंतर लक्षात आलं की मी ते फार आधी पाहिलेलं आहे.

आमच्या सांगलीच्या घराला मागे पडवी होती. तिच्या पायरीवर गोडेतेलाच्या चौकोनी डब्यांत आजीचा मरवा असायचा. मरवा म्हणजे ओरेगानोच्याच कुळातला, वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात दोघांचं आडनाव एकच. हे मला चाळिशीनंतर कळलं आणि फार आनंद झाला. डब्याला तळाशी खिळ्यानं भोकं पाडलेली. मातीत आजी कृष्णेची वाळू मिसळायची आणि विटांचा चुरा. शेणखत गुलाबाला, मरव्याला नाही. उन्हाळाभर डबे पायरीवर. आषाढ लागला, पावसाची झड सुरू झाली की एकेक डबा उचलून पडवीच्या आत, भिंतीला लागून. आम्हा मुलांना ते काम असायचं. "पाणी लागू देऊ नका रे त्याला, बुडातून जाईल," असं ती सांगायची. तिचा आषाढ आणि माझा डिसेंबर. शत्रू तोच, उपाय तोच, भिंतसुद्धा तीच म्हणायची.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी आजी शेंडे खुडायची. खुडलं की झाड भरतं, आणि खुडलेलं वाया जात नाही. अबोलीच्या दोन फुलांमध्ये मरव्याची एक काडी, पुन्हा दोन फुलं, पुन्हा काडी. केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात तिची बोटं न बघता चालायची. अबोलीला वास नसतो. त्या गजऱ्याला जो वास यायचा तो सगळा मरव्याचा. गोड, थोडा कापराकडे झुकणारा, केसांच्या उबेनं रात्री उशिरा जास्त दरवळणारा. तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपताना तो वास नाकात असायचा. गणपतीत पत्री गोळा करायची तेव्हा आघाडा, रुई, माका, शमी आणायला आम्ही नदीकडे जायचो. मरव्यासाठी कुठे जावं लागायचं नाही. एकवीस पत्रींतली एक पायरीवरच होती.

काकूंनी विचारलं होतं, देवाला चालतो का. त्या वेळी मला उत्तर द्यायला हवं होतं की याची बहीण चालते, आणि ती आत चौरंगावर आहे. कारण दर एप्रिलमध्ये मी स्वयंपाकघराच्या खिडकीत मरव्याचं बी टाकते. इथल्या हिवाळ्यात तो टिकत नाही, म्हणून वर्षाचं पीक धरूनच चालायचं. बी खसखशीपेक्षा बारीक, मातीवर नुसतं भुरभुरायचं, वरून माती टाकायची नाही. ऑगस्टपर्यंत पत्रीपुरता आणि थोडा केसांपुरता होतो. इथे अबोली नाही. जाईचा एक वेल आहे, त्याच्याबरोबर बांधते.

पण मग केंट ब्यूटी का, हा प्रश्न उरतोच. मरव्याच्या नात्यावर त्याला सोडवून घेणं मला पटत नाही. मनाशी बरीच उत्तरं जुळवून पाहिली. पहिलं म्हणजे मधमाश्या. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दहा-बारा वर्षांपूर्वी बागेतली ३२ प्रकारची फुलझाडं शेजारीशेजारी लावून कुणावर किती कीटक येतात ते मोजलं होतं. त्यात साधा रानटी ओरेगानो फार वरचा ठरला, कारण मधमाश्या, भुंगे, फुलमाश्या, फुलपाखरं असे सगळ्या प्रकारचे पाहुणे त्याच्यावर येत होते. हे उत्तर आजकाल सगळ्यांना आवडतं. "पर्यावरणासाठी लावलंय" म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. पण तो मान साध्या ओरेगानोचा आहे. केंट ब्यूटीवर मधमाश्या येतात, तेवढ्या झुंडीनं येत नाहीत. मधमाश्यांसाठी मी कुंपणाजवळ साधा ओरेगानो लावलाच आहे, तो चटणीतही जातो. चुरडला की थेट ओव्याची आठवण देणारा, आणि त्याला कारण आहे. ओव्यातलं थायमॉल आणि ओरेगानोतलं कार्व्हाक्रॉल या वास देणाऱ्या दोन्ही द्रव्यांत अणू तेच आणि तेवढेच, फक्त मांडणी निराळी. तो मी गव्हाच्या पिठाच्या धिरड्यात घालते, छान लागतो.

दुसरं उत्तर औषधाचं. ओरेगानोच्या कुळात औषधी म्हणून नावाजलेला एक थोर सदस्य आहे, क्रीट बेटावरचा. त्याची पानं लोकरीसारखी पांढरी, लवेनं भरलेली, आणि घोस गुलाबी, लोंबते. शोभेच्या ओरेगानोंत त्याचा मान मोठा आहे. ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलंय की क्रीटमधल्या रानबकऱ्यांना बाण लागला की त्या हे झाड शोधून खातात आणि बाण गळून पडतो. जगात रानात तो फक्त त्याच बेटावर उगवतो, तोही सरळसोट कड्यांच्या कपारींत. क्रीटमधली तरुण मुलं तो आणायला दोरानं कडे उतरायची, पडून जीवही जायचे, आणि आणलेली जुडी प्रेमाची खूण म्हणून दिली जायची. पुढे रानातला इतका ओरबाडला गेला की त्याला संरक्षण द्यावं लागलं, आणि आता बेटावरच्या एंबारोस गावाकडे त्याची शेती होते. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की उपयोग ही झाडासाठी नेहमी चांगली बातमी नसते. कड्यावरचं ते रोप, त्याच्यात गुण आहे हे माणसाला कळलं नसतं तर, निवांत राहिलं असतं.

१९८० मध्ये एका डच वनस्पतिशास्त्रज्ञानं ओरेगानोच्या साऱ्या कुळाची नीट मांडणी केली, तेव्हा ३८ जाती मोजल्या होत्या. बहुतेक भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या, कित्येक एखाद्याच बेटावर किंवा एकाच डोंगररांगेत. त्यातल्या किती आपल्या ताटात येतात? दोन, फार तर चार. बाकीच्या नुसत्या आहेत. कुणाच्या काही उपयोगी पडायचं म्हणून त्यांनी ते घोस काढलेले नाहीत. केंट ब्यूटीकडे बघताना मला त्यांची आठवण होते, आणि तिच्याकडून काही मिळावं असं वाटत नाही.

आणि आजीचा मरवा तरी फक्त पत्रीपुरता आणि गजऱ्यापुरता होता का? दुपारी वाळवणं परतायला ती पायरीवर यायची, तेव्हा येता-जाता तिचा तळहात त्या डब्यांवरून फिरायचा. खुडण्यासाठी नाही. नुसता फिरायचा, मग ती हात नाकाशी न्यायची आणि कामाला लागायची. घरात सासरे, दीर, आला-गेला, पाच मुलं. तिच्या एकटीचं असं दिवसात फार काही नसायचं. त्या डब्यांना "कशाला" असं कुणी विचारलं नाही, कारण देवाचं नाव त्यांच्या पाठीशी होतं. देवाचं नाव नसतं तर तिला ते डबे ठेवू दिले असते की नाही, मला शंका आहे. कित्येक बायकांनी आपली हौस अशीच देवाच्या, औषधाच्या, स्वयंपाकाच्या नावाखाली जपली असणार. मला ते नाव पुढे करावं लागत नाही. घर माझं, पगार माझा, दाराशी कुंडी मी ठेवलेली. "छान दिसतो म्हणून" हे काकूंना दिलेलं उत्तर मला त्या दिवशी अपुरं वाटलं होतं. आता वाटतं ते पूर्ण होतं, फक्त मी ते जरा खालच्या आवाजात दिलं.

काकूंवर माझा राग नव्हता आणि नाही. परत जाण्याआधी त्या पुन्हा एकदा आल्या होत्या. सप्टेंबर संपत आला होता, घोस गवती रंगाकडे झुकले होते. त्यांनी यावेळी काही विचारलं नाही, पण निघताना दोन वाळत्या काड्या मागून घेतल्या. "सुनेच्या देवघरात कोपरा मोकळा वाटतो, तिथे भांड्यात ठेवते." मी चार दिल्या. वाळवायच्या तर उलट्या टांगून, सावलीत, म्हणजे रंग थोडा राहतो.

मेमध्ये मी याच्या फांद्या लावते. बी धरून उपयोग नाही, संकर असल्यानं बियांतून तो तसाच येत नाही. त्यामुळे जगात जिथे जिथे केंट ब्यूटी आहे, ती त्या हॉकहर्स्टच्या एका रोपाचीच फांदी, फांदीची फांदी. बुडातून निघालेले, कळी न धरलेले बोटभर कोंब घ्यायचे, खालची पानं काढायची आणि निम्मी वाळू असलेल्या ओल्या मातीत कुंडीच्या कडेकडेनं खोचायचे. मधोमध नाही, कडेला मुळं लवकर धरतात. सावलीत ठेवून तीन-चार आठवड्यांनी हलकेच ओढून बघायचं, धरून ठेवलं तर मुळं सुटली. मैत्रिणीनं तिच्या दारासाठी एक मागितलं आहे, हॉप्सवाल्या आजींना एक द्यायचं आहे.

पुण्याहून, कोल्हापुराहून काही जणींनी फोटो बघून विचारलं की आपल्याकडे हे येईल का. मी नाही म्हणते. चार महिन्यांची दमट हवा आणि संततधार यांत ते जगवायचं म्हणजे त्याचे आणि तुमचे हाल. त्यापेक्षा मरवा लावा. दसरा झाला, पाऊस सरला की लावा. मंडईत फुलवाल्या मावशींकडे अबोलीशेजारी मरव्याच्या जुड्या असतात, त्यातली ताजी, काड्या थोड्या जून असलेली निवडा. अर्धी केसांत घाला. उरलेल्या काड्यांची खालची पानं काढून वाळू मिसळलेल्या मातीत खोचा आणि आठ-दहा दिवस उन्हापासून जपा. सगळ्या धरणार नाहीत, दोन-तीन धरल्या तरी पुरे. खत घालू नका. शेंडे खुडत राहा. आणि पुढच्या आषाढात डबा आत घ्यायला विसरू नका.